इशरतखालाची सोयरीक आणि मॉस्कोचा करार

गेले दहा दिवस बहरीनमधल्या बुसैतीनच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये १९३९ साल चालू होतं. फ्रिजवर युरोपचा नकाशा, बेसिनवरच्या आरशाला तारखांच्या चिठ्ठ्या, आणि मसूदाच्या तोंडी सकाळ-संध्याकाळ रशिया. कांदा चिरताना ती म्युनिकच्या बैठकीबद्दल बोलायची, इस्त्री करताना राष्ट्रसंघाबद्दल. तिचा नवरा नुमान मआमीरच्या बाजूच्या एका कारखान्यात फिटर. बिचारा शिफ्ट संपवून चहाच्या आशेनं घरी यायचा, तर चहाच्या आधी त्याच्या पदरात एखादा देश पडायचा.

"आज तू जर्मनी," मसूदा कालपरवा म्हणाली.

"मना नको गो जर्मनी. दिवसभर फोरमनची बोलणी खाऊन आलोय. पोलंड कर मना."

"पोलंडला काय बोलायचंच नाय."

"मग तर बेस्ट. गप बसतो नि चहा पितो."

मसूदा मूळची खेड तालुक्यातली. लग्नाआधी चार वर्षं तिनं तिथल्या एका हायस्कुलात इतिहास शिकवला होता, आणि फार चांगला शिकवला होता. हे ती स्वतःच सांगायची, कारण बहरीनमध्ये ते सांगणारं दुसरं कोणी नव्हतं. इथं येऊन तिला सतरा वर्षं झाली. तेवढ्या काळात शेजारपाजारच्या पोरांना तिनं गणित शिकवलं, विज्ञान शिकवलं, हिंदीचे निबंध घोटून घेतले. पण इतिहासाची शिकवणी लावायला कोणी आलं नाही. ती लावतं तरी कोण! आणि मग यंदा, शाळेचं वर्ष संपत आलेलं असताना, तिची मुलगी सदफ ज्या शाळेत दहावीला होती तिथल्या इतिहासाच्या बाई नवऱ्याबरोबर तडकाफडकी कॅनडाला निघून गेल्या. शाळेतले दत्तप्रसाद सर, देवगडकडचे, इतिहास-भूगोलाचे विभागप्रमुख. पालकसभेत मसूदाशी त्यांची दोनदा जुंपली होती, दोन्ही वेळा पुस्तकातल्या चुकांवरून. त्यांनीच फोन केला.

"मॅडम, गुरुवारी सकाळी डेमो तास द्याल का? दहावी सी, चाळीस मिनिटं. विषय आहे महायुद्धाआधीचं सोव्हिएत परराष्ट्रधोरण."

"देईन," मसूदा म्हणाली. फोन ठेवला आणि लगेच तिनं युरोपचा नकाशा फ्रिजवर चिकटवला.

आता यात गोम अशी की, नुमानच्या कंपनीनं जानेवारीतच नोटीस काढली होती. जूनपासून फॅमिली फ्लॅट बंद, सगळ्या कामगारांनी एकट्यानं कॅम्पात राहायचं. नुमान आणि मसूदानं बुसैतीनच्या किनाऱ्यावर गाडी उभी करून, काचा वर करून, तासभर बोलून सगळं ठरवून टाकलं होतं. मसूदाला कुठं नोकरी लागली तर सगळे इथंच. नाही लागली तर नुमान कॅम्पात, मसूदा सदफला घेऊन गावी, आणि सदफची अकरावी रत्नागिरीत. मसूदाचा भाऊ नजीब तिथं ॲडमिशनचं बघणार होता. आणि हे सगळं पक्कं होईपर्यंत सदफला ताकास तूर लागू द्यायची नाही. पोरीची परीक्षा मे महिन्यात, तिच्या डोक्याला भुंगा कशाला? तिच्या भल्यासाठीच तर चाललं होतं सगळं.

ही शाळा शिक्षकांना राहायला फ्लॅट द्यायची. म्हणजे त्या चाळीस मिनिटांवर सगळं अडकलं होतं. तास रंगला तर सदफ तिच्या शाळेत, तिच्या मैत्रिणींत राहणार. पडला तर जूनमध्ये बोऱ्याबिस्तर. मसूदानं कंबर कसली ती उगाच नाही.

गुरुवारी नुमाननं अर्धा दिवस सुट्टी टाकली आणि दोघींना शाळेत सोडलं. पुलावर ट्रॅफिक होतं. मसूदा पुढच्या सीटवर बसून पुटपुटत होती, सदफ मागं कानात इयरफोन घालून बाहेर बघत होती. गेटपाशी उतरताना तिनं आईच्या ओढणीची पिन सरळ केली आणि म्हणाली, "ऑल द बेस्ट, अम्मी. अँड डोन्ट शाउट, प्लीज."

सदफ दहावी बीमध्ये गेली. मसूदा दहावी सीमध्ये शिरली.

अठ्ठावीस पोरं. कोणी मंगळूरचं, कोणी कराचीचं, कोणी मनिलाचं, दोघी-तिघी इथल्याच मुहर्रकच्या. मागच्या बाकावर परीक्षक तिघं: प्रिन्सिपल बाई, दत्तप्रसाद सर, आणि शाळेच्या समितीतल्या एक बाई, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवणाऱ्या. तास अर्थातच इंग्रजीत झाला. मसूदाचं इंग्रजी पुस्तकी, पण खणखणीत. आपण तो मराठीतच ऐकलेला बरा.

सुरुवात अगदी वाईट झाली. दहा दिवस घासूनपुसून तयार केलेले मुद्दे तिनं एकामागून एक फळ्यावर उतरवले. १९३३ साली जर्मनीत हिटलर आला आणि मॉस्कोचे डोळे उघडले. १९३४ साली सोव्हिएत रशिया राष्ट्रसंघात गेला. १९३५ साली फ्रान्सशी आणि चेकोस्लोव्हाकियाशी करार. १९३८ साली म्युनिकला इंग्लंड आणि फ्रान्सनं चेकोस्लोव्हाकियाचा लचका हिटलरला तोडून दिला, आणि त्या बैठकीचं रशियाला साधं बोलावणंही नव्हतं. सगळं बरोबर होतं आणि सगळं मेलेलं होतं. पोरं निमूट लिहून घेत होती. एकानं जांभई दिली, तिची लागण दुसऱ्या रांगेपर्यंत पोचली. प्रिन्सिपल बाईंनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. अकरा मिनिटं गेली होती.

तिनं फाईल मिटली आणि टेबलावर ठेवून दिली.

"तुमच्यापैकी कोणाच्या घरी यंदा लग्न ठरलं?"

माना वर आल्या. हात वर झाले, नऊ-दहा तरी.

"ठरवायला कोण आलं होतं?"

मग काय! माझे ताऊ आले होते, आमच्याकडे आधी बायका येतात, आमच्याकडे झूमवर झालं, आमच्याकडे भांडण झालं. वर्गात एकच गलका. मसूदानं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, पण तिच्या अंगातून सरसरून काहीतरी गेलं. सतरा वर्षांनी एक वर्ग तिच्याकडे बघत होता.

"आमच्या कोकणात," ती म्हणाली, "बात पक्की करायला येणाऱ्या माणसांत घरचा कर्ता असावाच लागतो. ज्याचा शब्द शेवटचा, तो. 'घरी विचारून सांगतो' म्हणणारा माणूस कोणी पाठवला, तर मुलीकडच्यांची ती सरळ सरळ बेइज्जती. आता माझ्या इशरतखालाची, म्हणजे माझ्या आईच्या बहिणीची, गोष्ट ऐका. मी तेव्हा सहा वर्षांची होते."

आणि तिनं सांगितली. खाडीपलीकडचं एक चांगलं, शिकलेलं घर. त्यांचा मुलगा मास्तर. नानांना, म्हणजे मसूदाच्या आईच्या वडिलांना, स्थळ पसंत होतं. पण ती माणसं हो म्हणेनात आणि नाही म्हणेनात, चार महिने नुसतं भिजत घोंगडं. शेवटी एकदाची येतो म्हणाली. नानांनी तीस माणसांचं जेवण करून ठेवलं. जीपनं आली असती तर तासाभरात पोचती. ती आली खाडीतून, होडीनं, भरतीची वाट बघत बघत, आणि उतरली संध्याकाळी. आली कोण? एक दूरचा चुलता आणि दोन पाहुणे. नानांनी विचारलं, हो म्हणायचा अधिकार तुमच्यापैकी कोणाला आहे? चुलता म्हणाला, तसं नव्हे, घरी विचारून सांगतो.

"ओऽऽ," वर्गानं सूर काढला. मुहर्रकच्या मुलींनी तर कपाळाला हात लावला.

"नानांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आणि गावात दुसरं एक घर होतं. त्यांच्याशी नानांचा सहा वर्षं उभा दावा. बांधावरून भांडण, मशिदीत शेजारी उभं राहणं बंद, एकमेकांचं नाव काढायचं ते शिवी देऊनच. त्या घरचा कर्ता आठ दिवसांनी स्वतः जीप घेऊन दारात. तारीख ठरवूनच आलेला. चहा निवायच्या आत बात पक्की!"

मग मसूदा वळली आणि फळ्यावरच्या नकाशावर तिनं सपकन लंडनपासून लेनिनग्राडपर्यंत निळी रेघ ओढली.

"ऑगस्ट १९३९. युद्ध दारात उभं आहे. इंग्लंड आणि फ्रान्सला मॉस्कोशी युती करायची आहे. म्हणजे, करायची आहे असं म्हणतात. एप्रिलपासून बोलणी चालू आहेत. शेवटी आपले लष्करी अधिकारी पाठवतात. विमानानं? नाही. बोटीनं. आणि बोट कसली, तर सावकाश जाणारी. पाच तारखेला निघालेली माणसं मॉस्कोला पोचली अकरा तारखेला. समोर रशियाचा मार्शल बसलेला. त्यानं आपलं अधिकारपत्र काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, आता तुमचं दाखवा. इंग्रज ॲडमिरलकडे काय होतं?"

कराचीचा एक पोरगा उभा राहून ओरडला, "घर पे पूछके बताएँगे!"

वर्ग फुटला. पोरं बाकं बडवायला लागली. दत्तप्रसाद सर तोंडावर वही धरून हसत होते, आणि समितीतल्या बाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला. मसूदाला वाटलं आपण जमिनीपासून चार बोटं वर चालतोय. तिनं लाल मार्कर उचलला.

"आणि दुसरं घर? ज्याला मॉस्को सहा वर्षं शिव्या घालत होतं? तेवीस ऑगस्ट. बर्लिनहून विमान. खुद्द परराष्ट्रमंत्री, सगळे अधिकार खिशात घालून. त्याच रात्री करार! दहा वर्षं एकमेकांवर हल्ला करायचा नाही. सकाळी जग जागं झालं आणि कोणाचा डोळ्यांवर विश्वास बसेना!"

ती आता ओरडत होती. सदफ शेजारच्याच वर्गात होती आणि तिला भिंतीतून ऐकू जात असणार, पण मसूदाला त्याचं भान नव्हतं. घड्याळात अजून तेरा मिनिटं होती. ठरल्याप्रमाणे आता शेवट गोड करायचा: रशियाला वेळ हवा होता, तो त्यानं मिळवला, प्रश्न विचारा, धन्यवाद.

खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावरून हात वर आला. लाईबा, राजापूरकडची, सदफची जिवाभावाची मैत्रीण. ती एकटीच हसत नव्हती.

"मिस, इशरतखालाला कोणी विचारलं का?"

"काय विचारलं?"

"तिला कोण हवा होता ते."

"ती आत होती," मसूदा म्हणाली. "आतल्या खोलीत. मुली आतच असायच्या."

"पण तिला कोण हवा होता?"

"ठाऊक नाही." आणि मग, खोटं बोलायला वेळच नव्हता म्हणून, ती खरं बोलली. "सदतीस वर्षं झाली. ही गोष्ट मी शंभरदा सांगितली असेल. खालाला कधी विचारलंच नाही."

मागं प्रिन्सिपल बाईंचं पेन थांबलं. आपला तास आता गडगडत जाणार, असं मसूदाला एक क्षण वाटलं. पण दुसऱ्याच क्षणी तिला दिसलं की पोरीनं नेमकं त्या आतल्या खोलीच्या कडीवर बोट ठेवलंय.

"लाईबा, उभी राहा. सगळ्यांनी नकाशाकडे बघा. गोष्ट पुन्हा सांगू या. पण या खेपेला आतल्या खोलीतून. मॉस्कोच्या त्या रात्री आतल्या खोलीत कोण कोण होतं?"

"पोलंड," कोणीतरी म्हणालं.

"अजून?"

"लॅटव्हिया. एस्टोनिया." "लिथुएनिया." "फिनलंड, मिस!" "रोमेनिया, त्याचा तुकडा!"

प्रत्येक नावासरशी मसूदा नकाशावर फुली मारत गेली. "त्या कराराला एक चोरखिसा होता," ती म्हणाली. "गुप्त पानं. त्यांवर या सगळ्यांची वाटणी. पोलंडच्या नद्यांवरून रेघ: अलीकडचं तुझं, पलीकडचं माझं. आठ दिवसांत जर्मनी पश्चिमेकडून घुसला. सतरा सप्टेंबरला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून. आणि मॉस्कोनं काय सांगितलं ठाऊक आहे? आम्ही तिथल्या युक्रेनी आणि बेलारशियन लोकांच्या रक्षणासाठी आलोय. त्यांच्या भल्यासाठी!"

'भल्यासाठी' या शब्दावर तिचा आवाज अडखळला. काचा वर केलेली गाडी, बाहेर समुद्र, आणि आत दोघांनी वाटून घेतलेलं पोरीचं वर्ष. कुठं तो स्टालिन आणि कुठं खेडची मसूदा, पण गाल तापले ते तापलेच. ती घोटभर पाणी प्यायली.

"मग मी मघाशी सांगितलं ते चूक होतं का?" तिनं स्वतःलाच विचारल्यासारखं विचारलं. "बोट सावकाश आली, हे खरं. अपमान झाला, हेही खरं. वेळ हवा होता, तेही असेल. पण नुसतं तेवढंच सांगितलं, तर अपमान दिसतो आणि भूक झाकली जाते. आणि तो वेळ तरी कसा वापरला? हिटलरला धान्य आणि तेल पुरवत राहिले, आणि जून १९४१ मध्ये तोच हिटलर त्यांच्या अंगावर आला. ती गुप्त पानं? असली पानं नाहीतच, असं मॉस्को म्हणत राहिलं. कबूल केलं १९८९ साली. पन्नास वर्षांनी."

"पन्नास?" लाईबा अजून उभीच होती. "मग आधी ज्यांना ठाऊक होतं ते गप्प का बसले, मिस?"

घंटा झाली. एकही पोर उठलं नाही. आणि मग सगळी एकदम उठली ती दाराकडे जायला नव्हे, तर मसूदाच्या टेबलाभोवती गर्दी करायला.

ऑफिसबाहेर तिला पाऊण तास बसवलं. जीव नुसता टांगणीला. शेवटी दत्तप्रसाद सर बाहेर आले, चेहरा मुद्दाम गंभीर.

"मॅडम, एका हुकूमशहाला तुम्ही मुलीचा बाप करून टाकलात. धोक्याचं होतं हा ते."

"होतं," मसूदा म्हणाली. "माझं चुकतच होतं. त्या लाईबानं वाचवलं."

"तिनं प्रश्न विचारला. पण बाकीचे असते तर तिला खाली बसवते, आणि ठरलेल्या पानावर परत जाते. मीसुद्धा." मग त्यांना हसू आवरेना. "शुक्रवार-शनिवार सुट्टी, रविवारी लेटर घेऊन जा. फ्लॅटचं पण होईल. आणि पुस्तकातल्या चुका आता तुम्हीच काढा, माझं डोकं खाऊ नका!"

मसूदा गेटपर्यंत अक्षरशः धावली. नुमान गाडीला टेकून उभा होता. तिनं लांबूनच दोन्ही हात वर केले, तसा तो रस्त्यात नाचायला लागला. मागचा टॅक्सीवाला हॉर्न वाजवतोय, हा नाचतोय. दोघांनी मुहर्रकला जाऊन गरम हलव्याचा डबा घेतला, केशर-बदामाचा, मोठा. मसूदाला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. सगळं तिच्या मनासारखं झालं होतं.

दुपारी सदफ शाळेच्या बसनं घरी आली तेव्हा हलवा टेबलावर होता आणि नुमान फोनवर नंबर शोधत होता. सदफनं आईला घट्ट मिठी मारली. "यू शाउटेड," ती म्हणाली. "आमचा सगळा वर्ग ऐकत होता."

"यल्ला, चला, पहिलं काम," नुमान हळूच मसूदाच्या कानाशी म्हणाला. "नजीबला सांगून टाकतो, रत्नागिरीचं रद्द कर म्हणून. खलास."

"थांब."

"आता कशाला थांबायचं? मिटला ना प्रश्न."

मसूदानं त्याच्या हातातला फोन काढून घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला. "सदफ, बस. तुझ्याशी बोलायचं हाय." आणि तिनं सगळं सांगितलं. नोटीस, समुद्रावरची गाडी, रत्नागिरीचं कॉलेज, आणि तिला कळू द्यायचं नाही म्हणून दोघांनी एकमेकांना घातलेली शपथ. नुमान हलव्यातले बदाम मोजल्यासारखा डब्यात बघत बसला.

"आय नो," सदफ म्हणाली.

"काय नो?"

"नजीबमामूनं फॉर्मसाठी फोटो मागितला होता. माझ्याकडेच. जानेवारीत." ती हे इंग्रजीत म्हणाली, शांतपणे, आणि चमच्यानं हलवा कापला.

"या नजीबच्या तर!" नुमान उसळला. "गुप्त म्हणून सांगितलं, नि जिच्यापासून गुप्त तिलाच फोटो मागतो!"

"मग बोलली का नाय गो तू?" मसूदानं विचारलं. "दोन महिने?"

"तुम्ही विचाराल म्हणून थांबले होते."

मसूदानं खुर्ची पुढं ओढली. "चुकलं माझं. आमचं दोघांचं. पण आता नोकरी हाय, घर हाय, आता आपल्याला इथं राहता येतं. तर विचारते. तुला काय हवंय?"

उत्तर तिला पाठ होतं. पोरगी गळ्यात पडेल, लाईबाला फोन करेल, मग तिघं मिळून हलवा संपवतील. म्हणून तर तिनं इतक्या खुशीत विचारलं होतं.

सदफनं चमचा खाली ठेवला. घरात क्वचितच मराठीत बोलणारी ती पोर मराठीत बोलली, आजीच्या हेलात.

"मना जायचंय."

"कुठं?"

"रत्नागिरीला. अकरावी सायन्स करीन, मग तिकडंच फिशरीज कॉलेज." मग मराठी पुरेना, तशी ती इंग्रजीत सुटली. तिनं अभ्यासक्रम वाचला होता, प्रवेशाचे नियम काढले होते, नजीबमामूला कट-ऑफ विचारून झाला होता. मुहर्रकच्या मासळीबाजारात बापाबरोबर जाऊन हामूर माशाचे कल्ले उघडून बघणारी, सुरमईवर विक्रेत्यांशी तासभर हुज्जत घालणारी ही पोर. घरच्यांना ती मौज वाटायची. बोलताना तिचे डोळे चमकत होते, गाल लाल झाले होते. सकाळी वर्गात आपण कशा दिसत असू, ते मसूदाला आता कळलं.

"अगो पण तिथं लाईट जाते," मसूदा म्हणाली. "नि होस्टेलचं जेवण... नि इथं लाईबा, तुझ्या सगळ्या मैत्रिणी... नि ही नोकरी मी कोणासाठी धरली? तुझ्यासाठीच ना?"

"माझ्यासाठी?" सदफ आईकडे बघून हसली, पण मायेनं. "लाईबा म्हणाली तू नाचत होतीस, अम्मी."

मसूदानं ओढणीनं डोळे पुसले आणि म्हणाली, "नाय. माझ्यासाठी. मना शिकवायचं होतं. सतरा वर्षं शिकवायचं होतं, नि तुझं नाव पुढं केलं." हे मोठ्यानं बोलल्यावर तिला फार बरं वाटलं आणि फार एकटं वाटलं.

"म्हणजे आता," नुमान सावकाश म्हणाला, "आपण दोघं इथं, नि पोर तिथं?"

मसूदाच्या जिभेच्या टोकावर 'नाही' आलं होतं. एका शब्दाचं काम. या घरात आईचं 'नाही' अजून चालायचं; सदफ रडली असती, चार दिवस जेवली नसती, आणि मग गप्प बसली असती. इतकी धडपड करून राखलेली पोर राखणं अजून तिच्याच हातात होतं. सदफ तिच्याकडे बघत होती. तिलाही ते ठाऊक होतं.

मसूदानं पालथा फोन सुलटा केला आणि भावाचा नंबर लावला.

"नजीब," ती म्हणाली. "फॉर्मची शेवटची तारीख कधी हाय रे? नि थांब, मना नको सांगू. सदफला देते, तिला सांग."

आणि तिनं फोन पोरीच्या हातात दिला.